जहाज बाहेर गेलं आहे

मी कोणाला माफ करत नाही, हे आधीच सांगून टाकते; म्हणजे शेवटी माझं मन विरघळेल अशी वाट पाहत कोणी हे प्रकरण वाचणार नाही. माझ्या वयाच्या बायका आता भजनाला जातात आणि म्हणतात, झालं गेलं वैनगंगेला मिळालं. माझं नाही मिळालं. मी ते पाळ घालून अडवून ठेवलं, आणि वेळ आली तेव्हा त्याच पाण्यावर पीक घेतलं. आम्ही धानवाले लोक. पाणी वाहून जाऊ देणं आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

आमचं गाव आसगावहून आत, कच्च्या वाटेनं. शाळा दोन खोल्यांची, आणि पहिली-दुसरीला मिळून एकच गुरुजी. हे गुरुजी दूर कुठल्याशा गावचे; धोतर पांढरं स्वच्छ, बोलणं पुस्तकातलं, पान उलटायच्या आधी बोट जिभेला लावायची सवय. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी ते टेबलाखालची लोखंडी पेटी ओढून काढत. पेटी फरशीवर घासल्याचा तो कर्र आवाज ऐकला की सगळ्या पोट्ट्यांच्या माना वळायच्या. पेटीत चित्रांची पुस्तकं होती. पानभर रंगीत चित्र, खाली एक ओळ. पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरे, आणि अजूनही कुठे तो वास आला की मला आधी आनंद होतो आणि मग राग येतो. ह्याच क्रमानं.

पुस्तक सोमवारपर्यंत घरी न्यायला मिळे. पण आपलं आपण निवडायचं नाही. गुरुजी एकेकाला पुढे बोलावत आणि विचारत, "बाप काय करतो?" त्यांना माहीत नव्हतं असं नाही, गाव केवढं, त्यात कोणाचा बाप काय करतो हे शेंबड्या पोराला पण ठाऊक. त्यांना ते आमच्या तोंडून ऐकायचं असे. मग ते पेटीत हात घालून ज्याचं त्याला पुस्तक देत. तलाठ्याच्या मुलाला जहाज. किराणा दुकानवाल्याच्या पोरीला शहरातला बाजार. आणि आम्ही, म्हणजे अर्ध्याहून जास्त वर्ग, धानवाल्यांची लेकरं. आम्हाला बैलाचं पुस्तक. त्याच्या प्रती भरपूर होत्या. पुढच्या शनिवारी परत तेच. तलाठ्याच्या मुलाला विमान, मग आगगाडी, मग परत जहाज. आम्हाला बैल, बैल आणि बैल. याला ते मुलांना पुस्तकं सुचवणं म्हणत. पाहणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं, की प्रत्येक बालकाला त्याच्या जीवनाशी जुळेल असं पुस्तक मी सुचवतो. साहेबांनी मान डोलावली होती.

आमच्या जीवनाशी ते बैल जुळतही नव्हते, हे मला घरी गेल्यावर कळायचं. संध्याकाळी माय चुलीपुढे लाखोळीची डाळ घोटत असे, कधी सुकलेले झिंगे भाजले जात आणि त्या वासानं मांजर दारात येऊन बसे. पलीकडे कोठ्यात आमचे बैल तणस खात. त्यांच्या चघळण्याचा आणि गळ्यातल्या घंटीचा आवाज भिंतीतून येई. बाबा हातपाय धुऊन खाटेवर टेकत आणि म्हणत, "वाच न बाई, काय आनलं ते." मी वाचायची. बाबांना अक्षर येत नव्हतं, पण चित्र ते बारकाईनं पाहत. त्या चित्रातला बैल हत्तीएवढा, शिंगं आभाळाला लागलेली, शेत कोरडं ठणठणीत, आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर लाल फेटा. आमच्याकडे लाल फेटा कोणी लग्नातही बांधत नसे. बाबा दर वेळी हसत. "हा बैल आपल्या गाऱ्यात दोन पावलं नाई चालनार. पोटापर्यंत फसन." मग म्हणत, "पुन्हा वाच." त्यांना ते पुस्तक फार आवडे. मला त्याचा तिटकारा आला होता, आणि बाबांना ते आवडतं याचा जास्त.

मला जहाज हवं होतं. तलाठ्याचा मुलगा पुढच्या पट्टीवर बसे. त्याच्या खांद्यावरून मी ते पाहिलं होतं. काळं-तांबडं प्रचंड जहाज, त्याला गोल गोल खिडक्या, वर धूर. मी पाण्यावर चालणारी वस्तू पाहिलेली म्हणजे ढीवरांचा डोंगा. त्या खिडक्यांच्या आत काय असेल, माणसं निजतात कुठे, भात शिजवतात कशावर, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी मायला विचारलं, "जहाजात चूल राहते काय व?"

"राहत असन. मानसं का उपाशी जात असतीन?"

मायनं इतकं सरळ उत्तर दिल्यावर मला ती चूल पाहणं भागच होतं.

दुसरीतला एक शनिवार. धान निसवायला लागलं होतं आणि शाळेच्या खिडकीतून त्याचा कोवळा, दुधाळ वास येत होता. माझं नाव पुकारलं. गुरुजींनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी पेटीत हात घातला. मी म्हटलं, "मले बैल नाई पायजे गुरुजी. मले जहाज पायजे."

गुरुजी रागावले नाहीत. रागावले असते, दोन छड्या दिल्या असत्या, तर मी विसरून गेले असते. छड्या सगळ्यांनीच खाल्ल्या. ते हसले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्यांनी पुन्हा विचारलं, "बाप काय करतो?"

"धानाची शेती."

"मग?"

एवढंच. मग ते वर्गाकडे वळून म्हणाले, "जहाज घेऊन ही काय करणार? बोडीत सोडणार?" बोडी म्हणजे आमच्या गावाखालचं लहानसं तळं, त्यात म्हशी बसत. पोरं हसली, तलाठ्याचा मुलगा सगळ्यांत जास्त. "ज्याला जे शोभतं ते त्यानं धरावं," गुरुजी म्हणाले. त्यांनी बैलाचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि पुढे उभं करून वाचायला लावलं. मी पुटपुटत सुरुवात केली. ते म्हणाले, "मोठ्यानं वाच. मागं ऐकू येत नाही." मी मोठ्यानं वाचलं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि मी बैलाचं शेपूट कसं असतं ते मोठ्यानं वाचत होते.

त्या दिवसापासून माझं नाव जहाज पडलं. विहिरीवर जहाज, बाजारात जहाज, मोठी झाल्यावर धानाच्या बांधीत रोवण्याला उभी राहिले तर ओळीतल्या बाया म्हणत, "काय व जहाज, फसलं का तुयं जहाज गाऱ्यात?" त्यांच्या मनात काही नसे; रोवण्याला कोणाची तरी थट्टा लागतेच. पण मी वाकून पऱ्हे लावता लावता दर वेळी मनात एकच माणूस आणत असे, आणि पऱ्ह्याची मुळी चिखलात जरा जास्तच जोरानं खुपसत असे. बाबा माझ्या ओळीकडे पाहून म्हणत, खोल लावून राहिली, धान दबन. गुरुजी तोवर बदलून गेले होते. मी नाही बदलले.

मी शिकले ती रागानं शिकले. लोकांना हे ऐकायला आवडत नाही; सत्काराच्या भाषणात मी आईबापाच्या आशीर्वादाचं नाव घेते आणि टाळ्या होतात. आशीर्वाद होतेच. पण पहाटे कच्च्या वाटेनं चालत जाऊन एसटी पकडायची, खिडकीच्या तुटक्या काचेतून वारा खात भंडाऱ्याच्या कॉलेजला पोचायचं, फोडणीचा भात बांधलेला तो दुपारी गार खायचा, ह्याला आशीर्वाद पुरत नाही. त्याला आतून काहीतरी जळत असावं लागतं. माझ्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. बाया सोडा, पुरुषांतही पहिली. त्यावर ग्रंथालयाचा कोर्स केला आणि जवाहरनगरच्या फॅक्टरी-वसाहतीतल्या मुलांच्या वाचनालयात लागले. जागा तात्पुरती, दर वर्षी पुढे चालू ठेवायची की नाही हे सेक्रेटरी साहेब ठरवत. एका बाजूला क्वार्टर, दुसऱ्या बाजूला फॅक्टरीच्या बसचा थांबा. भोंगा झाला की बस भरभरून जात आणि मग दिवसभर बायकामुलांचं राज्य.

पहिली-दुसरीच्या मुलांना पुस्तक सुचवणं हे माझं काम, आणि ते मला येत होतं. गर्व समजा हवं तर. बाप काय करतो हे मी एकाही लेकराला विचारलं नाही. मी सतरंजीवर मोजकी पुस्तकं चित्र वर करून मांडायची आणि गप्प बसायची. लहान मुलाचं तोंड खोटं बोलतं, कारण शेजारी आई उभी असते. हात खोटं बोलत नाही. पण कोणती पुस्तकं मांडायची हे मात्र मूल दारातून आत येईपर्यंत ठरवावं लागतं. पुढचे दात पडले असतील त्याच्यापुढे दातांची सुसर मांडा. घरी नवीन बाळ आलं असेल तर पिल्लांचं पुस्तक चुकूनही मांडू नका, एकट्या राहणाऱ्या घुबडाचं मांडा. नवीन बदली होऊन आलेल्या मुलाला घर पाठीवर घेऊन चालणारी गोगलगाय. पुस्तक घेतल्यावर मूल पुढे जाण्याऐवजी मागच्या पानावर परत गेलं, की समजावं, लागलं. आया विचारत, बाई तुम्हाला कळतं कसं? मी हसून सोडून देई. शनिवारमागून शनिवार नको ते पुस्तक हातात धरून बसल्याशिवाय हे कळत नाही, हे कोणाला सांगणार?

तान्ह्या पोळ्यानंतरचा शनिवार होता. वसाहतीतली झाडून सगळी मुलं, बंगाली, तेलुगू, आपली, लाकडी बैलांना दोऱ्या बांधून मैदानावर ओढत नेऊन आली होती. कोणाकोणाच्या कपाळावर गुलाल अजून होता. दारातून एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर पांढरं स्वच्छ. सोबत पहिलीतला नातू, पराग. त्यांनी टेबलावरचं एक मासिक उचललं, बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

मी लगेच ओळखलं. गुरुजी. ते म्हणाले, "बाई, आमच्या नातवाला काहीतरी जहाजाचं, विमानाचं द्या. साधंसुधं नको. याचे वडील फॅक्टरीत साहेब आहेत."

मी विचारलंही नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं.

बैल आणि जहाज, माझ्या शाळेतली ती दोन्ही पुस्तकं अजून छापली जात होती, आणि दोन्ही आमच्याकडे होती. मी जहाज उचललं आणि माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. सतरंजीवर पतंग मांडला, चंद्र मांडला आणि मधोमध बैल. तान्हा पोळा करून आलेल्या पहिलीतल्या पोराचा हात कुठे जाईल, हे आंधळीलाही सांगता आलं असतं. परागनं बैल असा काही ओढला की चंद्र उलटा पडला.

"जहाज नाही का?" गुरुजींनी विचारलं.

"जहाज बाहेर गेलं आहे, आजोबा."

आणि मी एक नियम सांगितला. पहिलीच्या मुलाचं पुस्तक घरी नेण्याआधी सोबतच्या मोठ्या माणसानं इथे बाकावर बसून त्याला वाचून दाखवायचं. असा नियम नव्हता. त्या दिवसापासून झाला. नंतर तो सगळ्यांनाच लावला, आणि इतका चांगला निघाला की दुसऱ्या वाचनालयांनीही उचलला. सुडातून निघालेल्या गोष्टी वाईटच असतात असं नाही.

पुढच्या शनिवारी जहाज बाहेर गेलेलं होतं. त्याच्या पुढच्याही. पराग येता येताच ओरडे, "बैल!" आणि गुरुजी बाकावर बसून तेच पुस्तक वाचत, जे त्यांनी आमच्या पिढीच्या हातात कोंबलं होतं. मी रजिस्टरात डोकं घालून ऐकायची. साहेबांच्या बायका शेजारी विणकाम करत. एकदा परागनं हट्ट धरला, बैल हंबरतो कसा ते करून दाखवा. गुरुजींनी टाळलं. पोरानं भोकाड पसरलं, सगळे पाहू लागले, तेव्हा गुरुजींनी हंबरून दाखवलं.

मी मान वर केली. हंबरणं मला ठाऊक आहे. ऐकून शिकलेला माणूस तोंड वासून हंबरतो आणि ते शाळेच्या नाटकातल्यासारखं वाटतं. गुरुजींनी ओठ मिटून, पोटातून सुरुवात केली आणि आवाज शेवटी चढवत नेला, सांजेला कळपातून मागे राहिलेल्या गाईला हाक देऊन ओढून आणतात तसा. तो आवाज चित्रांतून येत नाही. तो कोठ्यातून येतो. मला त्या क्षणी कळलं की हा माणूस कुठून आला आहे, आणि इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते माझ्या हातात आलं.

दरम्यान त्यांच्या सुनेनं तक्रार केली. ही बाई आमच्या मुलाला मुद्दाम गावंढळ पुस्तक देते, चांगली लपवते. तक्रार खरी होती. माझी जागा पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरायचं होतं, त्याच सुमारास. सेक्रेटरी साहेब मद्रासकडचे, भले गृहस्थ. शनिवारी स्वतः आले. सून होती, गुरुजी होते, पराग होता, विणकामवाल्या होत्याच. साहेबांनी हळूच विचारलं, "कुसुमजी, ये क्या शिकायत है?"

नोकरी गेली तर मला गावी परतावं लागणार होतं, आणि विहिरीवर सगळे म्हणणार होते, जहाज बुडालं. हे मला दिसत होतं. तरी मी ड्रॉवर उघडला, सगळ्यांदेखत जहाज काढलं आणि सतरंजीवर बैलाशेजारी ठेवलं. परागला म्हटलं, घे तुला हवं ते. त्यानं जहाजाची पानं भराभर उलटली आणि बाजूला सारलं. "यात कोणी ओरडत नाही," तो म्हणाला, आणि बैल उचलून आजोबांच्या मांडीवर ठेवला. साहेब हसले. बच्चे ने तो फैसला कर दिया, म्हणाले, आणि सुनेकडे पाहून हात जोडले. माझी जागा राहिली.

साहेबांचं काम संपलं होतं, माझं नव्हतं. मी बाकासमोर जाऊन उभी राहिले. तोवर मी त्यांना आजोबा म्हणत होते. आता म्हटलं, "गुरुजी." त्यांनी दचकून वर पाहिलं.

"बाप काय करत होता?"

सुनेच्या भुवया वर गेल्या. गुरुजी पुस्तकातल्या बैलाकडे पाहू लागले. परागला गोष्टीची मजा वाटली असावी. तो त्यांचा हात हलवत म्हणाला, सांगा ना आजोबा, तुमचे बाबा काय करायचे? आणि मग इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेली ती पुस्तकी भाषा त्यांच्या तोंडून गळून पडली.

"ढोरं राखे," ते म्हणाले. "लोकाईची."

मी विचारलं, "मग?"

खोलीत कोणाला काही समजलं नाही. त्यांनाही लगेच समजलं नाही. त्यांनी विचारलं, कोण्या गावची व तू? मी गाव सांगितलं, शाळा सांगितली, बोडी सांगितली, गावानं मला ठेवलेलं नाव सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांना आठवत नव्हतं. मी ज्याच्यावर माझं अख्खं तारुण्य जाळलं, ते त्यांच्या एका सकाळचा एक विनोद होता आणि तो ते शाळा सुटायच्या आधीच विसरले होते. मला वाटलं होतं, असं झालं तर सूड फुकट जाईल. नाही गेला. मी म्हटलं, "मग आठवेपर्यंत वाचा."

दया आली असं लिहिलं तर लोकांना बरं वाटेल. नाही आली. ढोरं राखणाऱ्या गायक्याच्या पोरानं, ज्याला स्वतःला कोणीतरी कधीतरी 'मग?' विचारलं असणार, त्यानं तोच प्रश्न आम्हाला विचारावा, याची मला दया येत नाही. याची मला जास्त चीड येते.

त्या रविवारी मी जहाज माझ्या नावावर घेऊन गावी गेले. इतकी वर्षं मी ते उघडून पाहिलं नव्हतं, हट्टच होता. मायच्या चुलीपुढे बसून पानं उलटली. आत एका पानावर जहाजाचं पोट कापून दाखवलं होतं, आणि तिथे पांढरी टोपी घातलेला एक माणूस भल्या मोठ्या शेगडीपुढे उभा होता. मायनं वाकून पाहिलं. "पाय, म्या सांगतलं होतं," म्हणाली, आणि परत डाळ घोटायला लागली. बाबा खाटेवरून म्हणाले, "ते बैलाचं नाई आनलं?"

पुढच्या शनिवारी ते येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण पराग ऐकणारा नव्हता. भोंगा झाला, बस गेल्या आणि दारात पांढरं धोतर दिसलं. मी सतरंजी अंथरली, सगळी पुस्तकं मांडली, जहाजसुद्धा. परागनं बैल उचलला. गुरुजी बाकावर बसले, बोट जिभेला लावलं आणि पहिलं पान उघडून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात सुरुवात केली.

"मोठ्यानं वाचा, गुरुजी," मी टेबलावरून म्हटलं. "मागं ऐकू येत नाही."